बारा आण्यांची थाळी

समोरच्या फळ्यावरचा ‘दहा’ ओल्या फडक्याने पुसला गेला आणि त्या जागी खडूने ‘सहा’ उमटला, तेव्हा कांता वरणाला फोडणी देत होती. फोडणी करपू न देता तिने ती वरणात ओतली, पातेल्यावर झाकण ठेवले आणि मगच ती दारात आली. रस्त्याच्या पलीकडे ओमप्रकाश शेठ आपल्या भोजनालयाच्या ओट्यावर उभा राहून स्वतःच्याच हस्ताक्षराकडे मान तिरकी करून पाहत होता.

“सहा आने!” तिचा नवरा देवीदास म्हणाला. तो सकाळची पाळी संपवून नुकताच आला होता. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नव्या भट्टीच्या उभारणीवर तो रिगर होता, आणि दिवसभर दोरखंडांनी लोखंड वर चढवणाऱ्या माणसाच्या सवयीने जमिनीवरच्या गोष्टीही मान उंचावून पाही. “त्याले परवडते तरी कसं? आपल्यालेच एका थाळीमागे साडेसात आने पडून राहिले.”

“नाई परवडत त्याले. कुम्हारीले भावाची भाताची गिरनी हाये, तांदूळ घरचा; तरीबी नाई परवडत.”

“मंग कावून करून राहिला?”

“आपन सारे बंद पडाव म्हून.”

देवीदासने डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली. “मंग आपनबी सहा करू. दोन महिने तोटा खाऊ. माहा पगार हायेच ना.”

“नाई.”

“बरं, आठ?”

“नाई म्हनलं ना. दहा ते दहा. हात धुवा, वाढते.”

पहिली भट्टी पेटून वर्ष होत आले होते. पावर हाउस स्टेशनापासून मजुरांच्या कॅम्पाकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर तेव्हा चार खानावळी होत्या. भंडारा, तुमसर, गोंदिया, तिरोडा या बाजूंनी आलेली माणसे भिलाईत लोखंडाचे काम करीत आणि जिभेने मात्र गावीच राहत. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा मिळेल तेथे त्यांची पावले आपोआप वळत. हा रस्सा चौघांपैकी एकट्या कांताला साधला होता, याविषयी दुमत नव्हते. मतभेद होता तो त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल. कांता तुमसरची, नागपूरला दीक्षा घेतलेल्यांपैकी. दुकानात शिरताच समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली दराचा फळा. येणाऱ्याची नजर आधी तसबिरीवर पडे, मग फळ्यावर. आणि काही जणांची फळ्यापर्यंत पोचतच नसे.

किंमत म्हणजे केवळ एक आकडा, असे मानणारे लोक अर्ध्याच गोष्टीचा विचार करतात. एकाच रस्त्यावर, एकाच प्रकारच्या ताटाला तीन निरनिराळे दर असू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी सयुक्तिक ठरू शकतात. कारण ताटात काय आहे एवढ्यावरून दर ठरत नाही, ताट वाढणाऱ्याला काय साधायचे आहे यावरूनही तो ठरतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवण चार आण्यांना मिळे. कारखान्याला जेवण विकायचेच नव्हते. त्याला पोलाद हवे होते, आणि भरल्या पोटाचा माणूस भोंग्याच्या आत यंत्रापाशी परतला की त्या चार आण्यांतला तोटा वसूल होत असे. ओमप्रकाशला उद्याचा रस्ता हवा होता. ज्या रस्त्यावर एकच भोजनालय उरेल, त्या रस्त्याची किंमत म्हणून तो आज थाळीमागे आणा-दीड आणा मोजायला तयार होता. यात दुष्टपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो व्यापारी होता आणि व्यापार करीत होता.

कांताला काय हवे होते, ते मात्र देवीदासलाही पुरते उमगलेले नव्हते. खानावळ काढली त्या दिवशी शेजारणींनी तिला सल्ला दिला होता की बाजारात दहा आणे आहेत, तर तू नऊ ठेव. आपल्या हातचे खायचे म्हणजे लोकांना काहीतरी सूट हवीच. कांता पीठ मळत होती. तिने मान वर न करता विचारले होते, “माह्या हाताची सूट?” नव्या पैशांचा हिशेब सरकारी कचेऱ्यांतून सुरू झाला असला तरी बाजार अजून आण्यांतच बोलत होता. त्या बाजाराच्या भाषेत तिने फळ्यावर ठसठशीत ‘दहा’ लिहिले आणि मगच चूल पेटवली.

आठवडाभरात बाके रिकामी दिसू लागली. कांताने दर उतरवला नाही. भात कमी शिजवू लागली, कोहका गावच्या भाजीवालीकडून दोन टोपल्यांऐवजी एक घेऊ लागली. तिच्याच समाजातले, रेल्वेत आणि कारखान्यात असलेले काही जण नेमाने येत राहिले. पण त्यांच्यावर खानावळ चालण्यासारखी नव्हती, आणि ते केवळ तिची कीव करून येतात अशी शंका तिला आली असती, तर तिने त्यांनाही परत पाठवले असते.

अशात एका दुपारी हिरालाल आला. हिरालाल तिरोड्याकडचा शेतकरी, आता बांधकामावर मुकादम. त्याच्या हाताखाली त्याच्याच मुलखातली चाळीसेक माणसे होती. तो अधूनमधून येई, पण बाकावर कधी बसत नसे. दाराशी उभा राहून भाकरी-चटणी कागदात बांधून घेई आणि झाडाखाली जाऊन खाई.

“बाई, तुमचं हे चालून नाई राहिलं,” तो म्हणाला.

“दिसून राहिलं मले. भाकरी किती बांधू?”

“भाकरीचं राहू द्या. एक सांगाले आलो. तुमी पाच आने करा. समोरच्यापेक्षा एक कमी. माही चाळीस मानसं उद्यापासून तुमच्या बाकावर.”

“बाकावर? बसून?”

“हाव, बसून!”

कांताने हातातली भाकर तव्यावर टाकली. “आजपर्यंत कावून नाई बसले मंग, हिरालालभाऊ? रस्सा तिखट लागे का बाक टोचे?”

हिरालाल हसला. तो खोटा माणूस नव्हता, आणि म्हणूनच त्याने पुढचे बोलणे सरळ बोलून टाकले.

“आता तुमच्यापासून काय लपवाचं, बाई? आमाले काही नाई वाटत. भट्टीवर कोन कोनाच्या खांद्यावर पाय देऊन चढते, ते थोडीच विचारून राहिलो आमी! पन गावाले जा लागते ना. गावाले कोनी म्हनलं, का रे, तिकडे कोनाच्या घरचं खाऊन राहिला, तं सांगाले काही पायजे. पाच आने असले तं सांगता येते. बापा, लय स्वस्त होतं, गरिबीपायी खाल्लं. कोनी काही म्हनत नाई मंग.”

“अन् दहाच असले तं?”

“दहा असले तं समोरबी दहाचंच मिळते म्हनतीन ना लोकं! मंग काय सांगाव?” त्याने भिंतीकडे पाहिले आणि आवाज उतरवला. “नाई तं असं करा. फोटो आत घ्या. एकतर फोटो आत घ्या, नाई तं भाव खाली घ्या. दोन्ही वरतं ठेवून धंदा नाई होत.”

तव्यावरची भाकर फुगली. कांताने ती उलटली, निखाऱ्यावर टाकली, शेकू दिली, काढून टोपल्यात ठेवली. तेवढ्या वेळात तिचा राग उतरला होता आणि बोलायला शब्द मिळाले होते.

“तुमाले गावात सांगाले निमित्त पायजे, अन् ते निमित्त मी विकाव, पाच आन्यात. असंच ना, भाऊ?”

“मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो.”

“मले समजते. तुमी वाईट नाई बोलले. पन स्वस्त होतं म्हून खाल्लं, असं सांगाची सोय मी कोनाले करून देनार नाई. चांगलं होतं म्हून खाल्लं, असं ज्याले सांगता येते, त्यानं बसाव. बाकीच्याइले भाकरी बांधून देतेच मी, त्याले कुठं ना म्हनलं?”

“मंग बसा भावाचा फळा धरून!” हिरालाल चिडून म्हणाला. “बाक पुसाचं एक काम तरी वाचन.” आणि त्या दिवशी तो भाकरी न घेताच गेला.

महिना संपत आला तेव्हा चारांपैकी दोन खानावळी बंद पडल्या होत्या. खानावळीच्या झोपडीचे भाडे देवीदासच्या पगारातून गेले आणि पुढच्या महिन्याचेही तसेच जाणार हे स्पष्ट झाले. जेवताना देवीदास भाताचा ढीग बोटाने सारखा करी आणि तसाच बसून राही. अखेरीस त्याने तोंड उघडले: पुढचे भाडे ज्या दिवशी द्यायचे, त्या दिवसापर्यंत थांबू, नंतर बाके विकून टाकू.

त्या मुदतीतच ओमप्रकाश शेठ स्वतः रस्ता ओलांडून आला. देवीदासने बाक पुसले. शेठ बसला मात्र नाही.

“कांताबाई, झगड़ा नहीं है आपसे,” तो म्हणाला. “हाथ में स्वाद है आपके। मैं मानता हूँ। मेरा महाराज तो पानी में मिर्ची घोलता है। आप हमारी रसोई सँभाल लो। चालीस रुपये महीना, खाना अलग।”

देवीदासने कांताकडे पाहिले. चाळीस रुपये म्हणजे भाड्याची, धान्याची, लाकडाची, सगळ्याची एकदम सुटका होती.

“तुमच्या रसोईत मी?” कांताने विचारले. “गिऱ्हाइकं काय म्हनतीन?”

“उनको कौन बताएगा? पीछे से दरवाज़ा है। पीछे से आना, पीछे से जाना। परोसने के लिए लड़के हैं। सामने आने की ज़रूरत ही नहीं।”

“म्हन्जे रस्सा माहा, अन् नाव तुमच्या महाराजाचं.”

“नाम का क्या करना है? नाम से पेट भरता है क्या?”

“तुमाले विचारा ना, शेठ. दुकानावर केवढ्या अक्षरात नाव लिवलं तुमी!” कांता म्हणाली. देवीदासला हसू आवरेना. शेठही जरासा हसला. मग ती शांतपणे म्हणाली, “तुमाले माह्या हातचं पायजे, पन हात दिसाले नको. लोकाइनं मले पाहून खाव, यासाठीच तं मी दुकान मांडलं. नाई जमनार.”

शेठ गेल्यावर देवीदास बराच वेळ दाराकडे पाहत राहिला. “चाळीस रुपये, कांता,” तो एकदाच म्हणाला. ती पीठ मळायला बसली. मग त्यानेच, जणू दुसऱ्याच कोणाला समजावीत असल्यासारखे, म्हटले, “मागच्या दारानं. नाई, बरोबर हाये तुहं.” आणि बाके विकायची मुदत त्याने आपण होऊन एका महिन्याने वाढवली.

ती मुदत संपण्यापूर्वीच समोरचा फळा पुन्हा पुसला गेला. दोन खानावळी गेल्या होत्या, तिसरी मरणपंथाला लागलेली दिसत होती. रस्ता आपला झाला असा अंदाज शेठने बांधला आणि ‘सहा’ पुसून तेथे ‘बारा’ लिहिले. त्याच दिवसापासून भातही वाटीने मोजून वाढला जाऊ लागला. दुपारच्या सुटीत त्या ओट्यावर आरडाओरडा झाला. कोणी ताट आपटले, कोणी शेठच्या कुळाचा उद्धार केला.

देवीदास धावत आत आला. “कांता, जमलं! तो बारावर गेला. आपले दहा! आता पाय, रांग लागते का नाई दारात! जास्तीचा भात टाक.”

कांताने भात टाकला. मग तिने ओले फडके घेतले, फळ्यापाशी गेली, ‘दहा’ पुसले आणि खडूने लिहिले: ‘बारा’.

“डोकं फिरलं का तुहं?”

“तो बारावर असतानी दहाले विकलं, तं मी पुन्हा सस्तीच ना. मंग हिरालालभाऊचं पाच आन्याचं गिऱ्हाईक अन् हे दहाचं, फरक काय राहिला? हेबी गावाले जाऊन सांगतीन का समोर महाग होतं, म्हून खाल्लं.”

“अन् साडेसातचं जेवन बाराले? हा न्याय हाये काय?”

हा प्रश्न मात्र तिला टोचला. नवरा-बायकोच्या भांडणात बहुधा ज्याचा आवाज चढतो त्याचे म्हणणे कमकुवत असते. येथे देवीदासचा आवाज उतरला होता आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होते. मान हवा म्हणून ज्याच्याकडून अधिक दाम घ्यायचा, त्याच्या ताटात त्या दामाचे काही दिसले नाही, तर तिच्यात आणि समोरच्यात फळ्यापुरतेही अंतर उरणार नव्हते. कांताने खडू खाली ठेवला.

“दोन आने वाढवले, तं दोन आने ताटात दिसले पायजे,” ती म्हणाली. “कढीगोळे करते. दर थाळीमागे एक वाटी. भात पोटभर, मोजाचा नाई. ताक आना तुमी, जा.”

त्या दुपारी रांग खरोखरच लागली आणि खरोखरच मोडली. दहा आण्यांच्या आशेने आलेली माणसे फळा पाहून थबकत. “वा बाई, तुमीबी शेठच झाल्या!” एक जण मोठ्याने म्हणाला. दुसऱ्याने तसबिरीकडे हात करून काहीतरी पुटपुटले. ते कांताने ऐकले आणि उत्तर द्यायच्या लायकीचे न वाटल्यामुळे सोडून दिले. हिरालालही आपली माणसे घेऊन आला होता. त्याने फळा वाचला, कांताकडे पाहिले, मान हलवली आणि सगळ्यांना घेऊन परत फिरला. मोठ्या पातेल्यातला भात संध्याकाळी शेजारपाजारी वाटावा लागला.

चारच दिवसांनी हिरालाल परत आला, एकटा. दाराशी उभा राहिला. पण भाकरी बांधा असे म्हणाला नाही.

“समोर भात मोजून वाढून राहिले,” तो म्हणाला. “मानसाले का बैलाले, काही समजत नाई. बैलालेबी आपन मोजून नाई टाकत.”

“इथं बारा आने पडतीन, भाऊ.”

“वाचता येते मले.”

तो बाकाच्या कडेला, रस्त्याकडे पाठ करून बसला. कांताने ताट वाढले. तो जेवला, दोनदा भात घेतला, कढीची वाटी बोटाने निपटली, बारा आणे ठेवले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला तो रस्त्याकडे तोंड करून बसला. आठवड्याने त्याच्याबरोबर तिघे होते. मग सातआठ. सगळे चाळीस कधीच आले नाहीत, आणि जे आले नाहीत त्यांच्याविषयी कांताने एक अक्षर विचारले नाही. देवीदासने मात्र बाके विकायची गोष्ट पुन्हा काढली नाही. उलट सुटीच्या दिवशी त्याने एक नवे बाक ठोकून घेतले.

उन्हाळा चढला. गावाकडची लाखोळी या कडधान्याची मळणी उरकली आणि पॅसेंजर गाड्यांतून म्हातारी माणसे पोरांना भेटायला, पेटलेली भट्टी डोळ्यांनी पाहायला भिलाईत उतरू लागली. एका दुपारी हिरालाल दारात दिसला तेव्हा त्याच्या मागे एक ठेंगणी, ताठ, नऊवारी लुगड्यातली म्हातारी होती. कांताचा हात पळीवर थांबला. हिरालालची माय, राधाबाई, हे कोणी सांगायला नको होते. हनुवटी तीच होती. ज्या गावाला सांगण्यासाठी हिरालालला निमित्त हवे होते, ते सगळे गाव त्या दिवशी दोन पायांवर चालत तिच्या दारात आले होते.

“बस, माय,” हिरालाल म्हणाला.

राधाबाई बसली नाही. तिने भिंतीकडे पाहिले, चुलीकडे पाहिले, कांताच्या कपाळाकडे, बांगड्यांकडे पाहिले. खेड्यात उभा जन्म काढलेल्या बाईला जे कळायचे ते एवढ्यात कळले.

“समोर मोठी खानावळ हाये ना रे?”

“हाये.”

“तिथं जागा नाई का?”

“हाये ना. पायजे तेवढी.”

“मंग? तिथं पैसे जास्त घेऊन राहिले का?”

खानावळीतली दोन-चार माणसे जेवता जेवता थांबली. देवीदास पाण्याचा हंडा उतरवीत होता. त्याने तो अर्ध्यावरच धरून ठेवला. कांताने चुलीतले लाकूड पुढे सारले. लाकूड नीट जळत होते. ते सारायचे काही कारण नव्हते.

“नाई, माय,” हिरालाल म्हणाला. त्याचा आवाज मुकादमाचा होता, मैदानावर हाक मारतात तसा. “भाव एकच हाये. बारा तिथं, बारा इथं.”

“मंग इथं कावून आनलं मले?”

“मी इथंच जेवतो. हे बाई चांगलं करते म्हून.”

राधाबाईने मुलाकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरची एकही रेषा हलली नाही. मग तिने लुगड्याचा घोळ सावरला, नव्या बाकावर मध्यभागी बसली आणि पुढे आलेले ताट दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढले. भाकर मोडण्याआधी तिने कढीची वाटी उचलून नाकाशी नेली.

“गोळे कायचे हो, बाई? चन्याचे का लाखोळीचे?”

“तुरीचे,” कांता म्हणाली. “थोडी चन्याची डाळ टाकते.”

“हं.” एक गोळा फोडून तिने तोंडात टाकला, सगळे दुकान तिच्या जबड्याकडे पाहत राहिले. “जिरं जास्त झालं. अन् गोळे उकळत्या कढीत सोडाव, उतरवून नाई. मंग आतपर्यंत शिरते.”

“उद्या तसंच करते,” कांता म्हणाली.

म्हातारी सावकाश जेवली. खाणे रेंगाळवणारी ती नव्हती. दात थोडे होते, एवढेच. हिरालालचे ताट केव्हाच रिकामे झाले, तरी तो उठला नाही. कांता कढीचे भांडे घेऊन बाकाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे वाढत आली आणि राधाबाईपाशी पोचताच लहानपणापासूनच्या सवयीने तिने हात उंच धरला, भांड्याचा काठ वाटीला लागू नये अशा बेताने. राधाबाईने वाटी उचलली आणि वर, थेट भांड्याखाली आणून काठाला टेकवली.

“सांडून राहिलं ना,” ती म्हणाली. “जवळून वाढ.”